ती गप्प आहे, तयार नाही

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला. दहावीला ९२ टक्के, गणितात ९८. धाकट्या मुलाच्या हृदयाला भोक होतं. नवव्या वर्षी कळलं, तोवर ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. गेल्या वर्षी तो गेला. मुलीला लहान मुलांची हार्ट सर्जन करायचं ठरवलंय. गणित काढून नीटचा क्लास लावला. पुढे विट्यात हॉस्पिटल काढून देऊ. ती काही बोलत नाही, म्हणजे तयार आहे. कुठलं कॉलेज बघावं? – एक वडील, विटा (जि. सांगली)

दादा, कॉलेजचं नंतर बघू. 'ती काही बोलत नाही, म्हणजे तयार आहे' हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्या पोरीचा भाऊ गेलाय. आईबापांना रडताना तिने पाहिलंय. 'मला हे नको' म्हटलं तर भावालाच नाकारल्यासारखं होईल, असं तिला वाटत असेल. एवढं मनात घेऊन १६-१७ वर्षांचं लेकरू काय बोलणार? आणि गणितात ९८ मिळवणाऱ्या मुलीचं गणित तिला न विचारता काढलंत, याचा मला राग आला. उद्याच कॉलेजात जाऊन विषय परत मिळतोय का विचारा.

रस्ता असा : नीट, साडेपाच वर्षं एमबीबीएस, ३ वर्षं एमएस जनरल सर्जरी, ३ वर्षं एमसीएच सीटीव्हीएस (हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण), वर लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची फेलोशिप. एकही वर्ष वाया गेलं नाही तरी तिशी उलटते.

विट्यातल्या हॉस्पिटलचा विचार मात्र सोडून द्या. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं हृदय अक्रोडाएवढं असतं. ते थांबवून दुरुस्त करताना रक्त हार्ट-लंग मशीनवर फिरतं. ते चालवणारा परफ्युजनिस्ट, लहान मुलांचा भूलतज्ज्ञ, बालहृदयरोगतज्ज्ञ, नंतर रात्रंदिवस बाळाजवळ असणाऱ्या आयसीयूच्या नर्स, यांतलं कुणी नसेल तर उत्तम सर्जनचेही हात बांधले जातात. म्हणून हे सर्जन बहुतेक मुंबई, पुणे, बेंगळुरूसारख्या शहरांत मोठ्या संस्थेतच काम करतात. शिवाय काही भोकं बालहृदयरोगतज्ज्ञ मांडीच्या शिरेतून छोटं उपकरण नेऊन बुजवतात, छाती उघडावी लागतच नाही.

आता जे सांगते त्याचा राग मानू नका. मोठं भोक तसंच राहिलं की फुप्फुसातला रक्तदाब चढत जातो आणि एका टप्प्यानंतर ते बुजवणंच जिवावर बेततं. तुमच्या लेकराला सर्जन कमी पडला नाही, निदानाला उशीर झाला. स्वतःला दोष देऊ नका. पण त्याच्यासाठी काही करायचं असेल तर ते तुम्ही करा, तिच्यावर टाकू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी एकही मूल घरी राहू नये, हे बघा. कुणाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं आणि आईबाप घाबरले, तर सोबत जा. तुमचं ते ऐकतील.

या रविवारी तिचा क्लास बुडू दे. भावाबद्दल तिला बोलू द्या, करिअरचं नाव काढू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या. त्यात तिने सर्जनच व्हायचंय असं लिहिलं, तर कॉलेजांची यादी मी स्वतः करून पाठवेन.