पाकपुस्तक निवडताना

प्रश्न : नोकरीनिमित्त राजारामपुरीत एकटा राहतो. स्वयंपाकाची मुळीच सवय नाही. शिकण्यासाठी कोणते पुस्तक घ्यावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुखपृष्ठ पाहून पुस्तक घेऊ नये, दुकानातच त्यातली साध्या आमटीची कृती वाचून पाहावी. 'मसाला परतून घ्यावा' एवढेच लिहिले असेल, तर ते पुस्तक जाणत्यांसाठी आहे. याउलट 'कांदा मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत परतावा, मग वाटण घालून कडेने तेल सुटेपर्यंत हलवत राहावे' असे जे सांगते ते आपल्या कामाचे, कारण नवख्याला मिनिटांपेक्षा खुणांचा आधार अधिक असतो. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' मी आजही आवर्जून सुचवते. त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांमुळे वजनकाट्यावाचून काम भागते. मात्र मापाची वाटी एकच ठरवावी.

पांढऱ्या रश्श्याची घाई करू नये. नारळाचे दूध घातल्यावर खळखळून उकळले की ते फुटते. आणि पुस्तकातल्या तिखटाऐवजी आपली कांदा-लसूण चटणी वापरणार असाल, तर तिच्यात लसूण आणि बहुधा मीठही आधीच असल्यामुळे कृतीतले मीठ सर्वांत शेवटी, चव घेऊनच घालावे.