वीसपैकी अठरा मिळाले, पण समोर माणूस बसल्यावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेने चौदा आशाताई आणि बचतगटाच्या बायकांना नैराश्यावरच्या समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलंय. आधी आणि नंतर वीस मार्कांची लेखी चाचणी घेतली, सरासरी नऊवरून सोळावर गेली. आता निधी देणारे विचारतायत की या बायका हे काम खरंच करू शकतात, याचा पुरावा काय. चाचणीचे मार्क दाखवले तर चालतील का?

नाही चालणार. मीही हीच चूक करून बसलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या पहिल्या तुकडीत एका ताईंना वीसपैकी अठरा होते. लक्षणं तोंडपाठ, गोपनीयतेची व्याख्या शब्दन्‌शब्द बरोबर. मग आम्ही रोल-प्ले घेतला. आमची एक सहकारी रुग्ण झाली आणि ठरल्याप्रमाणे म्हणाली, "रात्र रात्र झोप नाही. कधी कधी वाटतं, आपण नसलो तर घरातले सुटतील." ताई पटकन म्हणाल्या, "असं बोलू नये हो! सोन्यासारखी दोन लेकरं आहेत तुम्हाला." संपलं. पुढची दहा मिनिटं रुग्ण फक्त 'हो' आणि 'बरोबर आहे' म्हणत राहिली. त्याच दिवशी अकरा मार्कवाल्या ताईंची पाळी आली. तेच वाक्य ऐकून त्या क्षणभर गप्प बसल्या, मग खुर्ची थोडी पुढे घेऊन म्हणाल्या, "खूप दमलायसा. जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" हा प्रश्न थेट विचारल्याने समोरच्याच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. लेखी चाचणीत दोघींनीही या मुद्द्यावर बरोबरची खूण केली होती.

तेव्हा मोजायचं ते काय माहीत आहे हे नाही, समोर माणूस बसल्यावर काय करतात हे. त्यासाठी चाकाचा शोध पुन्हा लावू नका. नेपाळमध्ये ब्रँडन कोर्ट आणि सहकाऱ्यांनी समुपदेशकाचं कौशल्य एकेका मुद्द्यावर जोखणारं 'एनॅक्ट' नावाचं मापन तयार केलं, 2015 मध्ये ते प्रसिद्ध झालं. मूळ अठरा मुद्द्यांचं होतं. पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या 'इक्विप' या मानसिक आधाराचा दर्जा राखण्याच्या उपक्रमामध्ये त्याची पंधरा मुद्द्यांची आवृत्ती आली. मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे पातळ्यांची रचना. चार पातळ्या, आणि पहिली पातळी 'कमी येतं' अशी नाहीच. पहिली पातळी म्हणजे समोरच्याला अपाय होईल असं काहीतरी केलं. उपदेश, दोष देणं, खोटा धीर, घरच्यांना सांगेन अशी धमकी. बाकी कितीही गोड बोललात तरी यातलं एक झालं की त्या मुद्द्यावर एक. आवश्यक तेवढं सगळं केलं तर तीन. आमच्या अठरा मार्कवाल्या ताईंना त्या मुद्द्यावर एकच मिळाला असता. सरासरी काढली की असला एक अंक बुडून जातो, म्हणून अहवालात आधी 'किती जणींच्या किती मुद्द्यांवर पातळी एक आली' ते लिहा, सरासरी नंतर.

आता खरी डोकेदुखी: गुण देणारे. आम्ही रोल-प्लेचा एकच व्हिडिओ चौघांना दाखवला. एका मुद्द्यावर दोन, तीन, तीन आणि चार! चार देणाऱ्याला विचारलं तर म्हणे, "छान बोलली ना." छान म्हणजे काय? मग नियम केला: दिसलेली कृती लिहिल्याशिवाय आकडा टाकायचा नाही. तिसऱ्या व्हिडिओपर्यंत आकडे बरेच जवळ आले. हे केल्याशिवाय प्रशिक्षणाआधीचे आणि नंतरचे गुण ताडून बघण्यात अर्थ नाही. फरक ताईंमधला की परीक्षकांमधला, तेच कळणार नाही.

मुद्दे आपल्या गावाला लावून घ्या. नजरेला नजर देणं हा ऐकण्याचा पुरावा मानला, तर वडीलधाऱ्यासमोर मान खाली घालून मन लावून ऐकणारी ताई उगाच नापास होते. आणि रोल-प्लेमध्ये सासूबाई ठेवाच. आमच्या एका ताईंनी आत येऊन बसलेल्या सासूला सांगितलं, "आत्या, तुमच्या हातचा चहा होऊन जाऊ दे," आणि ती चुलीपाशी गेल्यावर विषय काढला. गोपनीयतेच्या मुद्द्यावर याहून चांगलं उत्तर मी अजून पाहिलेलं नाही.

रुग्णाचा पीएचक्यू-9 चा (नैराश्य किती आहे हे मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीचा) गुणांक उतरला म्हणजे ताई कुशल, असं मात्र धरू नका. माणूस सगळ्यात वाईट दिवसांत आपल्याकडे येतो, पुढे थोडं आपोआपही सावरतं. दवाखान्यातली गोळी लागू पडते, कापूस विकला जातो, रुसून गेलेला नवरा परत येतो. तो आकडा कार्यक्रमासाठी ठेवा. एकेका ताईला त्यावरून जोखू नका.

रोल-प्ले ही सुरुवात. प्रत्यक्ष कामातला दर्जा वेगळा मोजावा लागतो. गोव्यात 'संगथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर सहा ते आठ बैठकांचा उपचार देऊन पाहिला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तिथे बैठकांचं ध्वनिमुद्रण गटात ऐकून समुपदेशक एकमेकांना गुण द्यायला शिकले, तज्ज्ञ हळूहळू मागे सरले. चौदा जणींसाठी हे तुम्हालाही जमेल. रुग्णाची संमती मात्र ध्वनिमुद्रणासाठी वेगळी घ्या, आणि 'नाही' म्हटलं तरी बैठक तशीच होईल हे तिला आधी सांगा.

दोन गोष्टी राहिल्या. रुग्णाची भूमिका करणारीला नंतर दहा मिनिटं द्या. आमच्याकडे एकीला भूमिका करता करता स्वतःच्या भावाचं आठवलं आणि ती दिवसभर सुन्न होती. खऱ्या बैठकीत जिवाला धोका दिसला तर कोणाला फोन करायचा हे कामाच्या पहिल्या दिवसाआधी ठरलेलं हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून घ्या.

आणि व्हिडिओ काढताना पंखा बंद ठेवा. आमच्या पहिल्या सहा व्हिडिओंत नुसती घरघर ऐकू येते.