जावास्क्रिप्टमध्ये मॅपला थेट पार्सइंट दिलं की नॅन (‘आकडा नाही’) का येतं? रॅडिक्स, म्हणजे संख्येचा पाया, आपल्या हाताने कसा द्यायचा?

तुमच्या ॲरेत '१०' ही स्ट्रिंग चारदा आहे, मॅपला नुसतं पार्सइंट दिलंय आणि हाती आलंय १०, नॅन, २, ३.

मॅप कॉलबॅकला, म्हणजे त्याला दिलेल्या फंक्शनला, एकटी व्हॅल्यू देत नाही. व्हॅल्यू, तिचा इंडेक्स आणि अख्खा ॲरे असे तीन आर्ग्युमेंट देतं. पार्सइंट दोन घेतं: स्ट्रिंग आणि रॅडिक्स. त्यामुळे इंडेक्स जाऊन बसतो रॅडिक्सच्या जागी. पहिल्या फेरीत रॅडिक्स ०, म्हणजे दिलाच नाही असं धरलं जातं, उत्तर १०. दुसऱ्या फेरीत १, आणि चालतो फक्त २ ते ३६, म्हणून नॅन. तिसऱ्या फेरीत '१०' बायनरीत वाचलं जातं, चौथ्यात तीनच्या पायात. यातला नॅन निदान डोळ्यांत खुपतो. २ आणि ३ मात्र खऱ्या उत्तरासारखेच दिसतात आणि एरर न देता पुढच्या हिशेबात शिरतात. खरा धोका तो आहे.

उपाय म्हणजे मध्ये एक ॲरो फंक्शन घाला. त्याने एकच पॅरामीटर घ्यायचा आणि आत पार्सइंटला तो व १० द्यायचा. इथे बाइंड वापरू नका. बाइंड फंक्शनचे आर्ग्युमेंट पहिल्या जागेपासून आधीच भरून ठेवतं, त्यामुळे तुमचा १० स्ट्रिंगच्या जागी जाईल आणि ॲरेतली व्हॅल्यू रॅडिक्स होईल. मॅपचा दुसरा आर्ग्युमेंटही कामाचा नाही. तो कॉलबॅकमधला 'धिस' ठरवतो, आणि ॲरो फंक्शन तर त्याच्याकडे बघतही नाही.

साधे दशमान आकडे असतील तर मॅपला नंबर हे फंक्शन दिलेलं चालतं, ते पहिलाच आर्ग्युमेंट बघतं. फक्त रिकाम्या स्ट्रिंगचं ते ० करतं, जिथे पार्सइंट नॅन देतं.

ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्या सेटटाइमआउटला ही कसरत लागत नाही: मिलिसेकंदांनंतर लिहिलेले आर्ग्युमेंट ते कॉलबॅकला पोचवतं. फंक्शनच्या नावापुढे कंस तेवढे लावू नका, नाहीतर ते तिथल्या तिथे चालतं आणि टायमरला मिळते त्याची रिटर्न व्हॅल्यू.

क्लिकसारख्या इव्हेंटला फंक्शन (लिसनर) जोडणाऱ्या ॲडइव्हेंटलिसनरमध्ये तिसरी जागा ऑप्शन्सची आहे, त्यामुळे तिथे पुन्हा ॲरो फंक्शनच. ते आधी व्हेरिएबलमध्ये ठेवा. काढताना रिमूव्हइव्हेंटलिसनरला नेमकं तेच फंक्शन लागतं. तसंच दुसरं लिहून दिलंत तर जुना लिसनर जागचा हलत नाही.