'मंडळी नाराज आहे' म्हणजे नक्की कोण नाराज आहे?

मी समुपदेशक आहे. पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, किंवा त्यांच्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा सांगण्याची तऱ्हा वेगवेगळी असते पण काळजी बहुतेक वेळा एकच, की आलो तेव्हा ज्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, डोक्यावर घेतलं तीच आता उठता-बसता खोट काढतेय, आमचं चुकलं कुठे? आणि मग थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, देवाने मला खरंच या कामाला बोलावलं होतं ना?

त्यातली एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि दोघांना विचारूनच लिहितेय.

पाळकसाहेब चाळिशी ओलांडलेले, हसतमुख, आवाज असा की माईक नसला तरी चालेल. अपॉइंटमेंट बायकोने घेतली होती आणि ते "हिच्या समाधानासाठी" आले होते. तसं सगळं ठीक आहे म्हणाले. बाई लगेच म्हणाल्या, "ठीक कसलं, अहो शनिवारी रात्रभर हे छताकडे बघत पडलेले असतात आणि रविवारी उपासना झाली की ताटावर बसून फोन बघतात, घास तसाच राहतो."

फोनमध्ये काय होतं ते मग हळूहळू बाहेर आलं. लोकांनी पाठवलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट त्यांनी एका वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवले होते. एक वाचून दाखवला. "पाळकसाहेब, आजचा संदेश चांगला होता, पण आधीच्या पाळकांच्या वेळी आत्म्याला जे अन्न मिळायचं ते आता मिळत नाही. राग मानू नका, प्रेमाने सांगतोय." हा मेसेज आशीर्वचन झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत आलेला, आणि वाचताना ते स्क्रीनकडे बघतच नव्हते, तोंडपाठ होता. मी विचारलं, कौतुकाचे मेसेज कुठे ठेवलेत? ते ठेवलेलेच नव्हते, आले होते भरपूर, पण ते वाचून पुढे सरकवायचे.

उपासनेनंतर ते दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवतात ना, तेव्हा समोरच्याचा हात हातात असताना यांची नजर बाजूच्या दरवाजाकडे, की आज तिकडून परस्पर कोण निघून गेलं. म्हणजे समोर जी म्हातारी बाई डोळ्यात पाणी आणून सांगतेय की आज माझ्यासाठीच बोललात, ती यांना ऐकूच येत नाहीये!

पहिल्या काही भेटींत मी मंडळीबद्दल फार बोलूच दिलं नाही, आधी झोप आणि जेवण. ते जरा नाराज झाले, म्हणाले मी आध्यात्मिक प्रश्न घेऊन आलोय. मग मी त्यांचंच शास्त्र त्यांना दाखवलं, बायबलमधलं पहिलं राजे, अध्याय 19. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाल्यावर एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देव त्याला लगेच उपदेश करत नाही, दूत येतो, भाकर-पाणी देतो, एलीया परत झोपतो, दूत परत उठवून खायला घालतो. प्रश्नोत्तरं नंतर. यावर त्यांनी स्वतः किती वेळा बोधपर संदेश दिला असेल देव जाणे, पण तो आपल्यालाही लागू आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

बर्नआउटबद्दलही बोललो. क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याची तीन लक्षणं धरलीत, आतून पार थकून जाणं, माणसांबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. दुसरं लक्षण ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "कुणी हॉस्पिटलमध्ये आहे असा फोन आला की मला आधी कंटाळा येतो, आणि मग त्या कंटाळ्याची लाज वाटते." ही लाज त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटला कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदवलंय, आजार म्हणून नाही, आणि श्रद्धा कमी पडल्याचा पुरावा म्हणून तर नाहीच. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण त्यांच्या दोघा वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या पंचांनी, त्यांना ऐकवलं होतं की पाळकसाहेब तुमची प्रार्थना कमी पडतेय. स्पर्जनसारखा उपदेशक, ज्याला ऐकायला हजारोंची गर्दी व्हायची, तोसुद्धा वर्षानुवर्षं निराशेने ग्रासलेला होता. 1856 मध्ये लंडनमध्ये त्याच्या सभेत कुणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली आणि चेंगराचेंगरीत सात माणसं गेली, त्याचा घाव त्याला जन्मभर पुरला. त्याची प्रार्थना कमी पडत होती असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

मग आलो मुद्द्यावर. "मंडळी नाराज आहे." मी कागद दिला आणि म्हटलं, ज्यांनी तुमच्या तोंडावर किंवा मेसेजमध्ये नाराजी सांगितलीय फक्त त्यांची नावं लिहा, "लोक बोलतायत" असं कुणी सांगितलं ते धरायचं नाही. पेन पाच नावांवर थांबलं. त्यातली दोन एकाच घरातली. आणि "लोक बोलतायत" हे सांगणारा माणूस बघितला तर तोही त्या पाचातलाच निघाला. मंडळी दोनशेच्या वर. आता पाच माणसं म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, पाच माणसं पाळकाला घालवू शकतात, विशेषतः ती समितीवर असतील तर. पण पाच माणसांशी बोलता येतं, "मंडळी" नावाच्या धुक्याशी बोलता येत नाही.

त्यातले जे मुख्य काका, आत्म्याच्या अन्नाचा मेसेज पाठवणारे, त्यांच्याकडे जायचं ठरलं. मत्तय 18 मध्ये सांगितलंय तसं, आधी एकट्याने जाऊन समोरासमोर. सफाई द्यायची नाही, वचनं सांगायची नाहीत, एकच विचारायचं की काका, माझ्याकडून तुम्हाला काही लागलंय का? पाळकसाहेब गेले. काका आधी संदेशाबद्दल बोलले, लांब असतो, उदाहरणं फार असतात, गाणी बदलली, घोषणा शेवटी करता. हे बराच वेळ चाललं. मग मध्येच म्हणाले, "माझे वडील गेले तेव्हा तुम्ही दफनविधीला आलात. पण त्याआधी ते तीन आठवडे अंथरुणाला होते तेव्हा एकदाही आला नाहीत. ते रोज विचारायचे, पाळक येऊन गेले का?"

पाळकसाहेबांना तो आजार माहीतच नव्हता, कुणी कळवलाच नव्हता, सगळ्यांना वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. पण त्यांनी ते तिथे बोलून दाखवलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. नुसतं म्हणाले, "ते वाट बघत राहिले याचं मला खरंच वाईट वाटतं." आणि मग वडिलांबद्दल विचारलं.

संदेशावरच्या तक्रारी अशा किती वेळा दुसऱ्याच कशाच्या तरी असतात! दवाखान्यात न आलेला पाळक, लग्नात दुसऱ्या घराला दिलेला जास्त वेळ, मुलीच्या घटस्फोटाच्या वेळी बोललेलं एखादं वाक्य. माणूस ते सांगत नाही कारण ते सांगायला कमीपणा वाटतो, संदेश लांब होतो हे सांगायला वाटत नाही. आणि काही वेळा तर ते पाळकाबद्दलही नसतं. ज्याच्यावर रागवायची सोय नाही अशा देवावरचा राग, कडक बापावरचा राग, हा सगळा व्यासपीठावर उभ्या असलेल्या माणसावर जातो. आमच्या क्षेत्रात असं एकाचं दुसऱ्यावर जाणं रोजचं आहे, फरक एवढाच की समुपदेशकाला त्याचं ट्रेनिंग मिळतं आणि ठरलेली वेळ संपली की दार लावता येतं. पाळकाचं दार लागत नाही.

डोक्यावर घेणं आणि खाली आपटणं ही मला वेगळी वाटतच नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या 14व्या अध्यायात लुस्त्र गावचे लोक सुवार्ता सांगायला आलेल्या बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मेस, म्हणजे चक्क ग्रीक देव, म्हणतात, बैल आणि फुलांच्या माळा घेऊन यज्ञ करायला निघतात, हे दोघं कपडे फाडून ओरडतात की आम्ही तुमच्यासारखीच माणसं आहोत, आणि थोड्याच ओळींनंतर बाहेरून आलेले लोक गर्दीला फितवतात आणि पौलाला दगडमार करून मेला समजून गावाबाहेर ओढून टाकतात. एकच गाव. ज्याला माणूस म्हणून बघितलंच नाही त्याच्यावर दगड टाकायला हात कचरत नाही.

इथे पाळकसाहेबांनाही थोडं बोलावं लागलं. पौल-बर्णबाने कपडे फाडले, तुम्ही माळ घालून घेतलीत. पहिली दोन वर्षं कुठल्याच बोलावण्याला नाही म्हटलं नाही, रात्री एक वाजता फोन आला तरी निघायचे, आणि आपल्यावाचून अडतं याची गोडीही लागली होती, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्यालाही सासऱ्याने येऊन सांगावं लागलं होतं की असं एकट्याने न्यायनिवाडे करत बसशील तर तूही झिजशील आणि लोकही.

मग बदल काय केले? आठवड्यातला एक दिवस फोन मंडळीच्या एका वडिलांकडे. आजारी माणसांची माहिती ठेवायला दोघांची जबाबदारी. निनावी चिठ्ठी समितीत वाचायची नाही, हे समितीनेच ठरवलं (थोडी कुरकुर झाली). आणि दुसऱ्या मंडळीतला एक वयस्कर निवृत्त पाळक, ज्याच्यापुढे यांना महिन्यातून एकदा नुसतं मेंढरू होऊन बसता येईल.

आता काही सभासद मला उलट बाजूने विचारतात, मग पाळकाविरुद्ध बोलायचंच नाही का? बोलायचं की! बिरुयातले लोक पौलाचंसुद्धा बोलणं शास्त्रात तपासून बघत होते आणि त्यांची वाहवाच झालीय. आणि पैशाचा घोळ, कुणा बाईशी किंवा मुलाशी गैरवर्तन, दमदाटी असं काही असेल तर "अभिषिक्ताला हात लावू नका" म्हणून कुणी गप्प बसवायला आलं तर अजिबात ऐकू नका. पहिल्या तीमथ्यात मंडळीच्या वडिलावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये असं आहे, ते सगळे सांगतात, पण त्याच्या पुढचंच वचन पाप करणाऱ्याला सर्वांसमोर दोष द्यायला सांगतं, ते कुणी वाचत नाही. आणि गुन्हा असेल तर तो पोलिसांकडे जायला हवा, समितीत मिटवायचा नाही. मी बोलतेय ते गाणी बदलली, संदेश लांबला, पाळकीणबाई हसल्या नाहीत अशा तक्रारींबद्दल.

आणि बदली झाली, काढून टाकलं, म्हणजे माणूस नालायक होता असंही नसतं. जोनाथन एडवर्ड्स या उपदेशकाला, ज्याचं नाव आजही धर्मशिक्षणात घेतलं जातं, अमेरिकेतल्या नॉर्थॅम्प्टनच्या त्याच्याच मंडळीने 1750 मध्ये काढलं, आणि गंमत म्हणजे दुसरा पाळक मिळेना म्हणून त्यानंतर कित्येक महिने त्यालाच बोलावून संदेश द्यायला लावले. तो देतही राहिला.

आमच्या पाळकसाहेबांचं तेवढं टोकाला गेलं नाही. पाचातलं एक कुटुंब दुसऱ्या मंडळीत गेलं. काका आहेत, संदेश लांब असतो असं अजूनही म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तो आहेच लांब. फोल्डर डिलीट झालं.

पाळकीणबाईंचं मात्र मनावर घ्यावं लागलं. त्या रविवारची शाळा चालवत होत्या, महिला मंडळ चालवत होत्या, ऑर्गन वाजवत होत्या, आणि यातलं एकही काम त्यांनी मागून घेतलं नव्हतं, पाळकाची बायको म्हणून ते आपोआप अंगावर आलं होतं. ऑर्गन त्यांना मनापासून आवडतो, तो ठेवला, बाकी दोन्ही सोडलं. दोन महिने बोलणी खाल्ली. आता रविवारची शाळा दुसऱ्या एक बाई घेतात, मुलं म्हणे फार दंगा करतात, आणि आमच्या बाई शेजारच्या खोलीत बसून ते ऐकतात पण उठत नाहीत.