शाळेत शिकलेलं गणित रोजच्या जगण्यात नेमकं कुठे उपयोगी पडतं?

सूत्रं विसरली तरी चालतं, पण ‘टक्के कशाचे?’ हे विचारायची सवय टिकायला हवी. समजा, 1 लाखाचं कर्ज, 3 वर्षं, वर्षाला ‘फ्लॅट’ (म्हणजे कायम मूळ रकमेवर) 10 टक्के. व्याज 30,000, महिन्याचा हप्ता सुमारे 3,611. स्वस्त वाटतं. पण दर हप्त्यागणिक मुद्दल घटतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच लागतं. घटत्या शिलकीचा हिशेब केला तर तीन वर्षांत सरासरी 56 हजारांच्या आसपासच तुमच्याकडे असतात, म्हणजे खरा दर जवळजवळ 18 टक्के. (‘50 टक्के + 20 टक्के सूट’ही 70 नव्हे, 60च, दुसरी सूट उरलेल्या निम्म्यावर.) कर्जांची तुलना करताना रक्कम आणि मुदत सारखी ठेवा, हप्ता गुणिले महिने करा, मुद्दल वजा करा. प्रक्रिया शुल्क मिळवायला बहुतेक जण विसरतात.