पशुवैद्याला विचारा : नुसत्या गवतावर तट्टू एवढं सुटलं कसं?

प्रश्न : डॉक्टर, मुळशीकडे आमचं छोटं फार्महाऊस आहे. मुलांसाठी पाचगणीच्या एका घोडेवाल्याकडून तट्टू आणलं, तिथे ते दिवसभर फेऱ्या मारायचं, आता आमच्याकडे एक एकराच्या कुंपणात मोकळंच असतं. खुराक काहीच देत नाही, फक्त गवत. तरी या पावसाळ्यात इतकं सुटलंय की आयाळीखाली मानेवर जाड वळी आलीय आणि बरगडी हाताला लागत नाही. गडी म्हणतो दोन दिवस उपाशी ठेवा, पाहुणे म्हणतात काय झकास तब्येत आहे! करू काय?

उत्तर : पाहुण्यांचं सोडून द्या, आणि गड्याचं तर अजिबात ऐकू नका. लठ्ठ तट्टू एकदम उपाशी ठेवलं की अंगातली चरबी भसाभस रक्तात उतरते, लिव्हरवर ताण येतो आणि जनावर दगावूसुद्धा शकतं, गाढवांचंही तसंच. तेव्हा उपास नाही, पण माप हवं.

आणि "फक्त गवत" म्हणताय ना, पावसाळ्यात तेच खुराक असतं. मोकळं तट्टू दिवसातले सोळा-सोळा तास चरू शकतं, पाचगणीत ते सगळं फेऱ्यांत जिरायचं, तुमच्याकडे मुलं रविवारी येणार, दोन चकरा मारणार आणि गाजर भरवून जाणार.

मला काळजी वजनापेक्षा खुरांची आहे. अशा जनावराच्या रक्तात इन्सुलिन वाढतं आणि त्यानेच खुराच्या आतलं हाड धरून ठेवणारे पापुद्रे सुटायला लागतात, लॅमिनायटिस म्हणतात तो हाच. मानेवरची वळी हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा, कडक होऊन हलतच नसेल तर ते चांगलं लक्षण नाही. खूर गरम लागणं, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी जोरात उडणं, वळताना अडखळणं, पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेऊन उभं राहणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, चरायला सोडू नका, चालवू नका, खाली मऊ जाड अंथरूण टाका. "जरा फिरवून मोकळं करू" हे तर नकोच.

तसं काही नसेल तर वजन काढा. काटा नको, टेप पुरे. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर, आणि छातीच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. समजा घेर १६० आणि लांबी १४० आली तर साधारण ३०० किलो. बारीक करायचं तर वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा (चाऱ्यातलं पाणी वगळून), म्हणजे ३०० किलोला साडेचार किलो, वाळलेल्या गवतात मोजलं तर पाच किलोच्या आसपास. याच्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही. वाळलं गवत घेताना कुसळी बघून घ्या, ती कुसळं हिरड्यांत घुसतात आणि मग जनावर खायचंच बंद होतं.

आता चराईचं. बरेच जण फक्त तास कमी करतात, तट्टू त्यात हुशार निघतं, तीन तासच मिळणार हे कळलं की त्या तीन तासांत दणकून ओढून घेतं. म्हणून तासांपेक्षा जागा कमी करा. रानडुकरांसाठी शेतात लावतात ते झटका मशीन आणि विजेची पट्टी घ्या, चराईपुरता तुकडा आखा, पुढची पट्टी रोज थोडी थोडी पुढे सरकवा आणि मागचीही पट्टी तेवढीच पुढे आणा, नाहीतर मागे फुटलेलं कोवळं गवत खात बसेल. किंवा कुंपणाच्या कडेकडेने तीन-चार मीटर रुंद वाट आखा, मधलं गवत वाढू द्या आणि कापून वाळवा, पाणी एका टोकाला, वाळला चारा दुसऱ्या टोकाला, चालणं आपोआप होतं. मला स्वतःला हीच पद्धत जास्त पटते कारण जनावर कंटाळत नाही.

मुसकं पण चालतं, मळणीत बैलाला बांधतात तसंच, फक्त याला खाली भोक असतं, त्यातून थोडं थोडं गवत ओढता येतं. दिवसातून दहा-बारा तासांच्या वर नको, त्यातून पाणी पिता येतंय का ते स्वतः उभं राहून बघा, नाकावर घासतंय का तेही. सोडायचंच असेल तर पहाटे सोडून ऊन चढायच्या आधी आत घ्या, उन्हात गवतात साखर तयार होत जाते, दुपारनंतर ती सगळ्यात जास्त असते.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणली, मारवाडी. पुढच्या दत्तजयंतीला प्रदर्शनात उतरवायचीय म्हणून हरभरा, गूळ आणि उसाचं वाढं चालू आहे, शिवाय नेपियर गवत. जरा जास्त भरलीय का?

उत्तर : भरवल्यावर भरणारच! गूळ आजच बंद, हरभरा हळूहळू कमी, वाढं तर उसाचंच, ते सोडाच. नेपियरची वेगळी भानगड आहे, त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि घोड्याला मिळू देत नाही, बरेच महिने तोच मुख्य चारा राहिला तर चेहऱ्याची हाडं सुजतात, लंगडेपणा येतो. गाईला चालतो म्हणून घोडीला चालेल असं नाही. डोंगरी वाळलं गवत मुख्य ठेवा, मिनरल मिक्श्चर द्या, आणि रोज तासभर चांगली फिरवा. प्रदर्शनात चरबीला मार्क मिळत असतील तर तो परीक्षकांचा प्रॉब्लेम आहे, घोडीच्या पायांना का शिक्षा?

प्रश्न : इंग्लंडमध्ये श्रॉपशरला राहतो, मुलीचा शेटलंड पोनी आहे. उन्हाळाभर मुसकं लावलं, आता थंडी पडली, गवत वाढत नाही, काढू का?

उत्तर : थंडीत गवत वाढत नाही हे बरोबर, पण गोम तिथेच आहे. रात्री दव गोठलं आणि सकाळी लख्ख ऊन पडलं की गवत साखर बनवतं पण गारठ्यामुळे वाढीला वापरत नाही, ती पात्यातच साठून राहते. तुमच्याकडचं रायग्रास आपल्या माळरानाच्या गवतापेक्षा सहसा गोडच, त्यात गुरांसाठी पेरलेलं असेल तर विचारूच नका. अशा दिवशी बाहेर सोडू नका, भिजवलेलं वाळलं गवत द्या, तासभर पाण्यात ठेवून ते पाणी फेकून द्यायचं, साखर बरीचशी त्याबरोबर जाते. आणि एक, पोनी धडधाकट असेल तर अंगावरचा रग, म्हणजे पांघरूण, काढा. शेटलंडला देवाने रग दिलेलाच आहे, थंडीत ऊब राखायला जी चरबी जळते ती जळू दे, मार्चमध्ये नवीन गवत यायच्या आधी तो जरा उतरलेला बरा.