फोकस म्हणजे झोत नव्हे

अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: अँटेनांच्या रांगेने वायरलेस सिग्नलची ऊर्जा जवळच्या एका ठिकाणी एकवटायची, या 'नियर फील्ड फोकसिंग'ला 'निकट क्षेत्र केंद्रीकरण' म्हणावं का?

नका म्हणू. पण आधी 'फोकस' तरी आपण कुठे धड वापरतो? सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत मांडववाला खांबावर हॅलोजन चढवतो आणि सांगतो, "दोन फोकस मारलेत." अर्ध्या होम मैदानावर उजेड सांडणारा दिवा, त्याचं नाव फोकस! फाइव्ह-जी आल्यापासून 'टॉवर मोबाईलवर फोकस करतो' हेही रोज कानावर येतं. अहो, लांबचा टॉवर तुमच्या दिशेला झोत वळवतो, एवढंच. त्याला म्हणतात बीमफॉर्मिंग.

लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल! फ्रेंच 'फ्यू' आणि इटालियन 'फुओको', म्हणजे आग, हे तिचेच वंशज. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली हा शब्द शंकूच्छेदांच्या, म्हणजे लंबवर्तुळासारख्या वक्रांच्या, भूमितीत आणला. भिंगाखाली ऊन जिथे एकवटतं तिथे कागद पेटतो, त्यावरूनच त्याला चूल आठवली असणार, असं माझं ठाम मत. आणि चुलीला जागा असते, नुसती दिशा नसते. अँटेनांच्या रांगेतही नेमकं तेच आहे. प्रत्येक अँटेनाच्या लहरीची कला (फेज), म्हणजे चढउताराची वेळ, अशी जुळवतात, की कडेच्या आणि मधल्या अँटेनांपासूनची अंतरं वेगळी असूनही त्या ठरल्या बिंदूवर एका तालात पोचतात. हे निकट क्षेत्रातच, म्हणजे रांगेच्या जवळच्या टापूतच, साधतं. त्याची रूढ सीमा म्हणजे रांगेच्या लांबीच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी. अर्ध्या मीटरची रांग ३० गिगाहर्ट्झला घेतली तर ५० मीटर, ३ गिगाहर्ट्झला जेमतेम ५. त्यापलीकडे दिशाच उरते, म्हणजे झोत.

'केंद्रीकरण' सुचवणाऱ्या परिभाषापंडितांनी लंबवर्तुळ एकदा काढून पाहावं. त्याला केंद्र एक असतं, नाभी, म्हणजे फोकस, दोन. मग फोकसला केंद्र कसं म्हणता? शिवाय ज्या केंद्राचा त्यांना एवढा अभिमान, ते मुळात ग्रीक 'केंट्रॉन', म्हणजे टोचणी, आपली पराणीच की! दहावीच्या विज्ञानात 'नाभी' आहे आणि ती अस्सल आहे. चाकाचा तुंबा म्हणजेही नाभी, सगळे आरे तिथेच येऊन मिळतात.

तेव्हा 'लहरी नाभीत आणणे' म्हणा, नामच हवं तर 'नाभीयन'. झोत बीमफॉर्मिंगसाठी राखून ठेवा.